सगळ्यांनाच एक हात

सिनॅमन रोलचं पीठ मळायचं तर अंगात थोडा राग हवा. शांत माणूस हलक्या हाताने मळतो आणि रोल बसके होतात. सव्वीस वर्षं मी सँडफोर्कच्या शाळेच्या स्वयंपाकघरात आहे. दर गुरुवारी खिमा-राजम्याच्या चिलीबरोबर माझे रोल असतात आणि ते फुललेलेच असतात. त्यावरून माझ्या स्वभावाचं काय ते समजा. पण त्या जानेवारीतल्या गुरुवारी मी पीठ इतकं आपटत होते की शेजारी भांडी विसळणारी रोबर्टा म्हणाली, "लुएला, ते मेलंय आता. सोड त्याला."

सकाळी कामावर येताना मी करमणूक केंद्राच्या दारावरची यादी वाचली होती.

यादी माझ्या स्पर्धेची होती. 'माझ्या' म्हणायचा हक्क मला आहे असं मी समजते. चौदा वर्षांपूर्वी आमच्या खेळाच्या बाई लग्न करून दुसऱ्या राज्यात गेल्या, आणि जाताना कपांचं एक खोकं आणि एक सीडी मागे ठेवून गेल्या. खोकं कुणालाच नको होतं, म्हणून ते माझ्या पिठाच्या कोठीत आलं. बारा कप, बुडाला भोकं असलेले, म्हणजे आत हवा अडकून ते एकमेकांत रुतत नाहीत. त्यांचे मनोरे रचायचे, उतरवायचे, पुन्हा रचायचे, आणि सगळं घड्याळाशी झुंजत. मी सीडी लावून कणकेच्या ओट्यावर शिकले. मग शनिवारी सकाळी दोन मुलं आली, मग वीस. बास्केटबॉलला बुटकी ठरलेली, फुटबॉलला हलकी ठरलेली, कुठल्याच संघात नाव न आलेली मुलं माझ्याकडे यायची. कप कुणाची उंची विचारत नाहीत. आज आमच्या तालुक्यात पंचाची परीक्षा पास झालेली मी एकटी आहे, आणि दर फेब्रुवारीत शाळेच्या हॉलमध्ये आजूबाजूच्या सात गावांतली मुलं जमतात.

यंदा केंद्राने म्हटलं, नावनोंदणी आम्ही करतो, तुम्हाला तेवढंच ओझं कमी. मला बरं वाटलं. बरं वाटलं तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

यादीत डबल्सच्या रकान्यात लिहिलं होतं, विनी शाफ, जोडीदार ठरायचा आहे. आणि अगदी तळाशी, वेगळ्या चौकटीत, 'विशेष गट', त्याखाली एकच नाव. ओडालिस त्रेहो.

ओडालिस अकरा वर्षांची आहे. तिचा उजवा हात कोपराच्या जरा खाली संपतो. जन्मापासून. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते जेवणाच्या रांगेत. नऊ वर्षांची होती, गावात नवीन. ट्रे त्या आखूड हातावर तोलून, वर सूप, आणि मी आपली चांगुलपणाने पुढे वाकून म्हणाले, "बाळा, कुणाला मदतीला बोलावू?" तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाली, "सांडलं तर पुसायचं तुम्हालाच आहे. म्हणून घाबरताय का?"

त्या शनिवारी मी तिला कप खेळायला बोलावलं. ती आली, कोपऱ्यात उभी राहून दोन हातांनी सटासट मनोरे रचणारी पोरं बघत बसली. तोंड असं वाकडं की दूध नासावं. एकटीने एका हाताने करून पाहिलं, तिला बावीस सेकंद लागले आणि शेजारच्या सहा वर्षांच्या पोराला बारा. तिने कप ढकलून दिले. मग पलीकडच्या टेबलावर डबल्स सुरू झालं. डबल्समध्ये दोघं शेजारी शेजारी उभे राहतात, डावीकडचा फक्त डावा हात वापरतो, उजवीकडचा फक्त उजवा. मधले दोन हात एकमेकांच्या पाठीमागे. दोन माणसांनी मिळून एका माणसासारखं खेळायचं, आणि तेच अवघड.

ओडालिस माझ्याजवळ आली. "इथे सगळ्यांनाच एक हात?"

"सगळ्यांनाच."

"मग मी इथे," ती म्हणाली.

तिथे विनी होती. विनी म्हणजे गव्हाच्या पोत्यासारखी भरलेली, हसरी, कुणाला नाही म्हणता न येणारी पोर, उजव्या हाताची. कुणी जोडीला घेत नव्हतं, कारण ती मध्येच थांबून जोडीदाराला सॉरी म्हणायची. ओडालिसने पहिल्याच दिवशी तिला सांगितलं, "विने, एकदा जरी सॉरी म्हणालीस ना, तर चावेन." दोन वर्षांत पोरींनी बेचाळीस सेकंदांवरून साडेदहावर आणलं. ओडालिसचा आखूड हात विनीच्या पाठीवर टेकलेला असतो, आणि वेग कधी वाढवायचा ते ती तिथूनच विनीला टोचून सांगते.

तिला आता एका चौकटीत एकटीला बसवलं होतं.

दुपारी एप्रनवरचं पीठही न झटकता मी केंद्रात गेले. नवा अधिकारी ट्रेंट ऑल्डरसन, तिशीतला, दात फार पांढरे. शहरातून आलेला, गावात सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारतो आणि प्रत्येकाचा खांदा थोपटतो.

"लुएला! या, या. रोल आणलेत का?"

"नाही. यादी बदलायला आले."

त्याने खुर्ची पुढे केली, मी बसले नाही. तो म्हणाला, "ओडालिसचंच ना? मी फार विचार केला हो त्यावर. प्रत्येक मुलाला जिंकल्यासारखं वाटलं पाहिजे. म्हणून खास तिच्यासाठी गट काढला."

"त्या गटात अजून कोण आहे?"

"सध्या ती एकटी."

"म्हणजे ती पहिली."

"अगदी बरोबर!"

"आणि शेवटची."

तो हसला, मग हसू अर्ध्यावर थांबवलं. "पण बघा ना, मोठ्या मुलांबरोबर उभी राहून हरली तर तिच्या मनावर—"

"हरली तर रडेल. मग चिडेल. मग सोमवारी सराव करेल. दोन वर्षं ती तेच करतेय. आणि डबल्समध्ये सगळी पोरं एका हाताने खेळतात, ट्रेंट. एवढं तर माहीत आहे ना?"

तो मग खुर्चीत जरा सरकून, आवाज खाली आणून म्हणाला, "खरं सांगू का, एक पत्रही आलंय. शॉना रीकचं."

शॉना रीक म्हणजे कोल्ट आणि केड या जुळ्यांची आई. गेल्या वर्षी डबल्स त्यांनी जिंकलं. चांगली पोरं आहेत, आईवर गेली नाहीत. ट्रेंटने पत्र वाचून दाखवलं. शॉनाचं म्हणणं असं की ती मुलगी दिवसभर, आयुष्यभर, सगळं डाव्या हाताने करते. बटणं, वेणी, वह्या. तिचा डावा हात इतर मुलांच्या डाव्या हातापेक्षा कितीतरी पट तयार झालेला आहे. त्यामुळे डबल्समध्ये तिला उतरवणं इतरांवर अन्याय आहे.

मी ते पत्र त्याच्या हातातून घेतलं आणि दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाचताना डोळ्यांपुढे लाल ठिपके आले होते.

"म्हणजे ती फार कच्ची आहे म्हणून तुम्ही तिला काढलंत," मी म्हणाले, "आणि फार पक्की आहे म्हणून शॉनाने. दोघं एकदा कॉफी प्या आणि काय ते एक ठरवा. तोवर मी शॉनाच्या पोरांचे उजवे हात बांधून ठेवते, त्यांचेही डावे तयार होतील."

"लुएला, मी फक्त सगळ्यांना खूश—"

"हे बघ पोरा," मी म्हणाले, आणि 'तुम्ही' तिथेच संपलं. "नियमाचं पुस्तक माझ्याकडे आहे. डबल्समध्ये दुसरा हात पाठीमागे ठेवायचा, एवढंच त्यात आहे. तो किती लांबीचा असावा ते कुठे लिहिलेलं नाही. तू ती चौकट खोडली नाहीस, तर त्या दिवशी मुख्य पंच नसेल. मग तू आणि शॉना उभे राहा हॉलमध्ये आणि टाळ्या वाजवा."

त्याने चौकट खोडली. माझ्यासमोर, काळ्या पेनाने. वर म्हणाला, "त्यांच्या टेबलाला मीच पंच बसतो. म्हणजे शॉनाची तक्रार राहणार नाही. आणि पेपरवाल्यांनाही बरं दिसेल." त्यातलं दुसरं वाक्य मी ऐकलं नाही असं दाखवलं. पंच मला कमीच पडत होते.

घरी जाताना मी ठरवलं, ओडालिसला यातलं काही सांगायचं नाही. झालं ते मिटलं. पोरीचं मन कशाला दुखवायचं?

हे वाक्य कुणाचं वाटतंय? मला तेव्हा ओळखू आलं नाही.

पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी सरावाला ओडालिस आली ती हातात एक गुंडाळलेला कागद घेऊन. टेबलावर टाकला आणि आखूड हाताने दाबून उलगडला. पोस्टर होतं. ट्रेंटने ते यादी बदलायच्या आधीच छापायला दिलं होतं, आणि छापून आलं तसंच आदल्या दिवशी सगळ्या गावभर लावलं होतं. किराणा दुकान, लायब्ररी, पेट्रोल पंप, शाळेच्या हॉलचं काचेचं दार. त्यावर ओडालिसचा मोठा फोटो, एकटीचा, कपांशेजारी. विनी कापून टाकलेली, तिचा फक्त कान उरलेला. खाली लिहिलेलं, 'यंदा नवीन, विशेष गट! सँडफोर्कमध्ये प्रत्येक जण विजेता!' आणि कोपऱ्यात पार्टीत सरबत प्यायचे लाल कप काढलेले. ज्याला कपातला फरक कळत नाही त्याने हे बनवलं होतं.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"चुकून छापलंय ते. मी बोलले त्याच्याशी. तू डबल्समध्येच आहेस."

"कधी बोललात?"

"झाले नऊ दिवस."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं." तिचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "मी पेट्रोल पंपावर पाहिलं. मावशीबरोबर. तिथला माणूस म्हणाला, शाब्बास, तू जिंकणार म्हणे. अजून स्पर्धा झालीपण नाही."

"तुला वाईट वाटू नये म्हणून—"

"मला वाईट नाही वाटलं. मला राग आला. तो माझा होता ना, मिस लू? तुम्ही मला न सांगता तो एकटीनेच करून टाकलात."

विनी शेजारी पोस्टरवरचा आपला कान निरखत होती. म्हणाली, "कान तरी चांगला आलाय," आणि ओडालिसने तिला आखूड हाताने ढुशी दिली, पण हसली नाही. माझ्याशी त्या दिवशी ती परत बोलली नाही. वेळ विचारायची असली की विनीला पाठवायची.

ट्रेंटला मी म्हटलं, पोस्टर काढ. तो म्हणाला, सोमवारी काढतो. कुठला सोमवार ते त्याने सांगितलं नाही.

स्पर्धेच्या आदल्या गुरुवारी मी त्याला कार्डं शिकवली. हिरवं म्हणजे खेळ स्वच्छ. पिवळं म्हणजे शंका, मुख्य पंचाला बोलवा. लाल म्हणजे बाद. "कप घसरला, पडला, तर गुन्हा नाही," मी सांगितलं. "पण तो जागेवर लावल्याशिवाय पुढे गेले किंवा मॅटवर हात मारून घड्याळ थांबवलं, तर लाल. मग वेळ काही असो."

"मुलांना लाल दाखवताना वाईट नाही वाटत?"

"वाटतं. दाखवायचं."

शनिवारी असा वारा होता की गाड्यांची दारं दोन हातांनी धरावी लागत होती. तरी हॉल भरला. दहा टेबलं, दहा मॅट, आणि कपांचा तो खडखडाट, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. माझी चिली कोपऱ्यात उकळत होती, रोबर्टा रोल वाटत होती. ओडालिसची आई येसेनिया डेअरीवरची कामाची पाळी संपवून थेट आली होती, पायात रबरी बूट तसेच. वरच्या बाकावर बसली आणि मला म्हणाली, "आम्ही तिला घरी पत्त्यांतही मुद्दाम जिंकू देत नाही हां. एकदा दिलं होतं, दोन दिवस जेवली नाही."

डबल्सची अंतिम फेरी दुपारी होती. सहा जोड्या, प्रत्येकीला तीन प्रयत्न, सगळ्यांत चांगला धरायचा. कप तीन-सहा-तीन रचायचे, मग सहा-सहा, मग दहाचा मोठा मनोरा, आणि शेवटी सगळं परत तीन-सहा-तीनवर आणून, उतरवून, मॅटवर हात.

अंतिम फेरीच्या जोड्या एकेक करून ट्रेंटच्याच टेबलावर खेळणार होत्या, कारण पेपरचा फोटोग्राफर तिथे तिपाई लावून बसला होता. कोल्ट आणि केड आधी आले. पहिल्या प्रयत्नात कोल्टचा एक कप आडवा पडला, तसाच ठेवून त्यांनी मॅटवर हात मारले. ट्रेंटने लाल कार्ड वर केलं. चटकन, बरोबर. शॉना बाकावरून ओरडली, "अहो, एवढासा कप!" पण कोल्टने स्वतःच मान हलवली. पुढच्या प्रयत्नात त्यांनी दहा पूर्णांक बावीस सेकंद लावले. मी चार टेबलं सोडून उभी होते आणि मनात म्हटलं, पोरगा शिकलाय. ट्रेंटबद्दल म्हणतेय मी. माझा थोडा राग उतरलाही.

मग ओडालिस आणि विनी उभ्या राहिल्या. ट्रेंटने ओडालिसचा खांदा थोपटला. गाय माशी झटकते तसा तिने तो खांदा झटकला.

पहिला प्रयत्न, दहा पूर्णांक नव्वद. हिरवं.

दुसरा. मी टेबलापाशी सरकले होते. मोठा मनोरा असा चढला की कप दिसलेच नाहीत, नुसते हात. ओडालिसच्या आखूड हाताची टोच विनीच्या पाठीवर मला दिसली. वेग. उतरवताना कप दोन पट्ट्यांसारखे सरकत खाली आले, आणि अगदी शेवटी डावीकडच्या तीनमधला वरचा कप निसटला आणि टेबलावर आडवा झाला. ओडालिसचा कप. त्याच क्षणी दोघींचे हात मॅटवर पडले.

नऊ पूर्णांक सत्याऐंशी.

हॉल उठून उभा राहिला. आकडा सगळ्यांना दिसत होता, आडवा कप फक्त टेबलापाशी असलेल्यांना. विनी दोन्ही हात वर करून नाचायला लागली. फोटोग्राफर गुडघ्यावर आला. ट्रेंटने कपाकडे पाहिलं. पाहिलं, हे मी शपथेवर सांगते. मग ओडालिसकडे पाहिलं, त्याचे डोळे भरून आले, आणि त्याने हिरवं कार्ड वर केलं.

टाळ्या. शिट्या. मलाही टाळी वाजवावीशी वाटली, तेही सांगते. नऊ पूर्णांक सत्याऐंशी! दोन वर्षं मी त्या आकड्यासाठी शनिवार घातले होते. माझा एक हात दुसऱ्याकडे निघालासुद्धा.

"लाल," ओडालिस म्हणाली.

ट्रेंट वाकला. "काय गं?"

"कप पडलाय. लाल दाखवा."

"अगं," तो हळूच म्हणाला, ओठ न हलवता, फोटोसाठीचं हसू तसंच ठेवून, "कुणालाच दिसलं नाही. छान झालं. तू हस."

"मला दिसलं ना."

"ओडी," विनी रडवेली झाली, "गप्प बस ना, नऊ सत्याऐंशी आहे, ओडी—"

"विने, तुला दिसलं का नाही?"

विनीने कपाकडे पाहिलं. इतका वेळ ती मुद्दाम तिकडे पाहत नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावर आलं. "दिसलं," ती म्हणाली. मग सवयीने, "सॉरी."

"सकाळपासून तुम्ही सगळ्यांना बरोबर दाखवलंत," ओडालिस ट्रेंटला म्हणाली. आता आवाज चढला होता, पहिल्या दोन बाकांना ऐकू जाईल एवढा. "कोल्टला दाखवलंत. त्याचापण एवढासाच कप होता. मला का नाही?"

ट्रेंटच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तेवढंच लाल त्याच्याजवळ होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, बुडणारा माणूस काठाकडे पाहतो तसं. "लुएला, सांगा ना तिला. सगळे बघतायत."

बघत होतेच. ओडालिसही बघत होती, पण माझ्याकडे नव्हे, माझ्या हाताकडे.

मी टेबलावरचं लाल कार्ड उचललं आणि वर केलं. जितका उंच जाईल तितका हात उंच.

आधी कुणाला कळलं नाही. मग कुणीतरी हुर्यो केली, माझी. चौदा वर्षांत पहिल्यांदा. रोबर्टानेही चिलीचा डाव हातात धरून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी एखादं मांजर लाथाडलं होतं. आणि त्या सगळ्या कालव्यातून एक आवाज सगळ्यांत मोठा आला. शॉना रीकचा.

"लाज वाटत नाही का, लुएला? बिचारी पोर! तिला तरी सोडायचं!"

मी वळले. पीठ मळायच्या वेळचं सगळं माझ्या हातात आलं होतं. मी काय बोलणार होते ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण ओडालिसने तिचा आखूड हात माझ्या पोटावर आडवा धरला, गाडीला हात दाखवून थांबवतात तसा, आणि स्वतः बाकाकडे तोंड केलं.

"तुमचं एकदा काय ते ठरवा, बाई," ती ओरडली. "मी बिचारी आहे की तुमच्या पोरांवर अन्याय आहे? मी पत्र वाचलंय तुमचं. केंद्रात मिस्टर ऑल्डरसनच्या टेबलावर उघडंच पडलं होतं. दोन्ही एकदम नाही होता येत मला. मला एकच हात आहे!"

वरच्या बाकावर येसेनिया मोठ्याने हसली. एकटीच. रबरी बूट बाकावर आपटून हसली. मग कोल्टही हसला, आणि त्याची आई खाली बसली. ट्रेंटने हातातलं हिरवं कार्ड खिशात घातलं, परत काढलं आणि टेबलावर ठेवलं. मी त्याला म्हटलं, "ऊठ." तो उठला. त्याच्या खुर्चीत मी बसले.

"तिसरा प्रयत्न," मी म्हणाले. "तयार?"

"एक मिनिट," ओडालिस म्हणाली. विनीकडे वळून, नाकाला नाक लावून, "रडायचंय का तुला?"

"हो."

"नंतर रड. माझ्याबरोबर."

त्यांनी हात मॅटवर ठेवले. मधले दोन एकमेकींच्या पाठीमागे गेले. मनोरा चढला, उतरला. या वेळी शेवटच्या कपावर ओडालिसचा हात इवलासा थांबला. कप बसला की नाही ते पाहायला. तेवढ्यात वेळ गेला.

दहा पूर्णांक एक्केचाळीस. स्वच्छ. मी हिरवं दाखवलं.

तिसऱ्या आल्या. रीकची पोरं पहिली, शेजारच्या गावातल्या दोन बहिणी दुसऱ्या. टाळ्या पडल्या त्या जरा अवघडलेल्या, कुणाला किती जोरात वाजवायच्या ते कळत नसल्यासारख्या. रिबन घेताना ओडालिसचं तोंड तसंच, दूध नासवणारं. कोल्ट तिच्याजवळ येऊन म्हणाला, "दुसरा प्रयत्न भारी होता." ती म्हणाली, "बाद होता." तो म्हणाला, "माहीत आहे. आमचापण." मग दोघं जाऊन रोल चिलीत बुडवून खात बसले. विनी मध्ये बसून हप्त्याहप्त्याने रडत होती आणि खात होती.

फोटोग्राफर तिपाई आवरून गेला. लाल कार्डाचा फोटो त्याने काढला नव्हता. ट्रेंट मला म्हणाला, "माझा हेतू वाईट नव्हता, लुएला." मी म्हटलं, "माहीत आहे. म्हणूनच जास्त संताप येतो." तो टेबलं उचलायला लागला. उचलू दिली.

सगळं आवरून मी कपांचं खोकं घेऊन दारापाशी आले तेव्हा ओडालिस तिथे उभी होती. काचेवरच्या पोस्टरसमोर. तिची आई गाडी दाराशी आणायला गेली होती. पोस्टर चारी बाजूंनी रुंद चिकटपट्टीने लावलेलं. तिने डावीकडचा वरचा कोपरा नखाने सोडवून हातात धरला होता, पण ओढलं की उजवी बाजू काचेला धरून राहायची आणि कागद तिरका फाटायचा. तिला तो अख्खा काढायचा होता. फाटलेला नको होता.

माझी चाहूल तिला लागली. ती वळली नाही.

"तुमच्यावर अजून राग आहे माझा," ती म्हणाली.

"असू दे."

"पुढच्या वेळी आधी मला सांगायचं."

"सांगेन."

बाहेर वारा दार हलवत होता.

"मग त्या बाजूने या," ती म्हणाली. "उजवा कोपरा धरा. एकच हात हां."

मी खोकं खाली ठेवलं, तिच्या उजवीकडे उभी राहिले आणि डावा हात तिच्या पाठीमागे नेला. माझ्या पाठीवर काहीतरी टेकलं, आखूड, टणक, ऊबदार. मी पट्टीखाली नख घातलं आणि टोचायची वाट बघत राहिले.